टेबलावरचे क्षितिज : चाळीसगावचे केकी मूस आणि जवळचे भिंग

मॅक्रो छायाचित्रण म्हटले की वाचकाच्या डोळ्यांसमोर चतुराचे संयुक्त डोळे आणि फुलपाखराच्या पंखांवरचे खवले येतात. काटेकोर अर्थाने मॅक्रो म्हणजे वस्तू आणि तिची फिल्मवर किंवा सेन्सरवर पडणारी प्रतिमा एकाच मापाची असणे, म्हणजे १:१ हे गुणोत्तर. परंतु भिंग वस्तूजवळ नेण्याची दुसरीही एक परंपरा आहे, जीत लहान वस्तू मोठी करून दाखवायची नसून तिचे लहानपणच लपवायचे असते. टेबलावर काटक्या, कापूस, मीठ, आरशाचे तुकडे आणि छोट्या प्रतिकृती मांडून त्यांतून अरण्य, हिमप्रदेश किंवा सरोवर उभे करणारी ही टेबलटॉप छायाचित्रणाची कला खानदेशात एका माणसाने आयुष्यभर जोपासली.

कैखुश्रू माणेकजी मूस, म्हणजेच केकी मूस, हे १९१२ साली मुंबईत एका पारशी कुटुंबात जन्मले, इंग्लंडमध्ये व्यावसायिक कलेचे शिक्षण घेऊन परतले आणि १९८९ मध्ये निधन होईपर्यंत चाळीसगावच्या रेल्वे स्थानकाजवळील आपल्या बंगल्यात राहिले. चित्रकला, शिल्पकाम, लाकूडकाम आणि सतार यांत रमलेल्या या कलावंताच्या घराला रेम्ब्राँ या डच चित्रकाराचे नाव होते, आणि त्याच वास्तूत आज त्यांचे संग्रहालय आहे. रात्री येणाऱ्या पंजाब मेलने प्रेयसी येईल या आशेवर त्यांनी अर्धशतक घराबाहेर पाऊल टाकले नाही, ही कथा इतक्या वेळा सांगितली गेली आहे की मूस यांच्यावरील बहुतेक लेखन तिच्यापाशीच सुरू होते आणि तिच्यापाशीच संपते. हा त्यांच्यावरचा अन्याय आहे. सुमारे तीनशे पारितोषिके ज्यांच्या नावावर सांगितली जातात, त्या छायाचित्रकाराने बंद खोलीत भिंग, दिवा आणि टेबल यांच्याशी कोणती झुंज घेतली असेल, हा प्रश्न त्या कथेपेक्षा कितीतरी अधिक मोलाचा आहे.

त्या झुंजीचे पहिले कारण म्हणजे डेप्थ ऑफ फील्ड, अर्थात वस्तूच्या पुढेमागे जेवढ्या अंतरापर्यंत चित्र रेखीव दिसते तो पट्टा. ३५ मिलिमीटर फिल्मवर १:१ गुणोत्तराने आणि एफ/१६ या बारीक छिद्राने चित्र घेतले तर हा पट्टा जेमतेम २ मिलिमीटरचा उरतो, आणि वस्तू फिल्मवर दहापट लहान उमटेल इतके मागे सरले, तरी तो साधारण १० सेंटीमीटरच्या पुढे जात नाही. खऱ्या निसर्गदृश्यात मात्र पायाजवळच्या दगडापासून क्षितिजापर्यंत सर्व काही स्पष्ट दिसू शकते, त्यामुळे दोन फूट खोलीच्या मांडणीत पुढचे झाड रेखीव आणि मागचा डोंगर धूसर आला की प्रेक्षकाला टेबल ओळखू येते. छिद्र एफ/६४ पर्यंत आवळले तर पट्टा चौपट होतो, पण प्रकाश सोळापट अधिक काळ द्यावा लागतो आणि अतिसूक्ष्म छिद्राच्या कडांशी प्रकाश पसरल्याने सगळेच चित्र किंचित मऊ पडते. काटक्या आणि कापूस हलत नाहीत, म्हणून टेबलटॉप करणाऱ्याला हा दीर्घ काळ परवडतो. कीटकांमागे जाणाऱ्याला तो कधीच मिळत नाही. भिंग आणि फिल्म यांना परस्परांशी तिरके ठेवून रेखीवपणाचे प्रतल टेबलाच्या पृष्ठभागावर आडवे पाडण्याचा मार्गही उपलब्ध होता. ऑस्ट्रियन सैन्याधिकारी टेओडोर शाइम्प्फ्लूग यांच्या नावाने ओळखला जाणारा हा नियम विसाव्या शतकाच्या आरंभापासून छायाचित्रकारांना ठाऊक आहे.

आजच्या अर्थाची मॅक्रो भिंगे मूस यांच्या पिढीला उशिराच मिळाली. हाइन्ट्स किल्फिट यांचे माक्रो-किलार १९५५ मध्ये आले आणि निकॉनचे मायक्रो-निक्कोर १९५६ मध्ये, तेही मुळात दाट जपानी लिपीतील दस्तऐवज मायक्रोफिल्मवर उतरवण्याच्या गरजेतून. तोपर्यंत भिंग फिल्मपासून दूर नेणारा चामडी किंवा कापडी भाता, अथवा मूळ भिंगापुढे बसवायचे क्लोज-अप भिंग, हेच उपाय होते. दोन डायॉप्टरचे असे भिंग लावले की अनंतावर जुळवलेला कॅमेरा अर्ध्या मीटरवरची वस्तू स्पष्ट टिपतो, मात्र चित्राच्या कडा ढिल्या पडतात.

प्रकाशाची अडचण याहून सूक्ष्म आहे, आणि टेबलटॉपचा खरा कस तिथेच लागतो असे म्हणावे लागेल. सूर्य इतका दूर आहे की त्याच्या सावल्या एकमेकींना समांतर पडतात आणि पुढचे शेत मागच्या शेताइतकेच उजळते; टेबलाच्या जवळच्या कडेपासून ५० सेंटीमीटरवर ठेवलेला दिवा मात्र १०० सेंटीमीटरवरच्या दुसऱ्या कडेला चौथ्या हिश्शाचाच प्रकाश देतो आणि सावल्या पंख्यासारख्या फाकवतो. दिवा दूर न्यावा तर खोलीची भिंत आडवी येते. त्यातच कॅमेरा मांडणीतल्या बोटभर माणसाच्या डोळ्यांच्या पातळीवर उतरवला नाही, तर दृश्य वरून पाहिलेल्या खेळण्यासारखे भासते.

मूस यांच्या एकांताचा अर्थ या कामाच्या संदर्भात निराळा लागतो. टेबलटॉपला बाहेरचे ऊन, ऋतू किंवा प्रवास लागत नाही, लागतो तो अखंड वेळ आणि कोणी धक्का न लावणारे टेबल. शिवाय छायाचित्रांच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शन-स्पर्धांना, ज्यांना सलोन म्हणत, प्रिंट टपालाने पाठवता येत असे, त्यामुळे चाळीसगाव सोडल्याशिवाय जगापुढे उभे राहणे शक्य होते. हा व्यवहार ध्यानात घेतला की बंद दार केवळ विरहाचे चिन्ह उरत नाही, तर त्याला कार्यशाळेच्या दाराचाही अर्थ येतो.

प्रिंटचा आकार हा या कलेतला शेवटचा आणि बहुधा सर्वांत धाडसी भाग आहे. फिल्मवर दहापट लहान झालेली मांडणी दहापट मोठी करून छापली, तर ३६ बाय २४ मिलिमीटरची चौकट ३६ बाय २४ सेंटीमीटरची होते, आणि काडी किंवा मिठाचा ढीग कागदावर नेमक्या आपल्या मूळ मापात उतरतो. म्हणजे प्रेक्षकासमोर खरी काडी तिच्या खऱ्या आकारात ठेवलेली असते, आणि तरीही छाया, क्षितिज आणि रेखीवपणा यांच्या जोरावर तो तिला उंच वृक्ष मानतो.