बाटलीत बुडबुडाही नको

औसा तालुक्यात बोअरच्या पाण्याचा नमुना घेणाऱ्यांसोबत शिवारात उभं राहिलं, की आधी वाट पाहणं आलं. मोटार सुरू झाली तरी लगेच बाटली धरत नाहीत. पाइपात साचलेलं जुनं पाणी वाहू देतात. तापमान आणि क्षारांचे आकडे मीटरवर स्थिरावले, की त्याच पाण्यानं बाटली विसळतात, काठोकाठ भरतात, झाकण आवळतात. वर गाव, तारीख, बोअरची खोली. आत हवेचा बुडबुडाही चालत नाही.

“साहेब, पाणी गोड हाय का मचूळ, तेवढं सांगा की,” शेतमालक म्हणाले. पण या बाटलीतून शोधायचं असतं ते पाणी आलं कुठून हे. त्याची खूण पाण्यातल्या ऑक्सिजनमध्ये असते.

ऑक्सिजनचे बहुतेक अणू 16 वजनाचे. हजारात साधारण दोन 18 वजनाचे. पाण्याची वाफ होताना हलके रेणू लवकर सुटतात, जड मागे राहतात. पाऊस पडताना उलट, जड आधी उतरतात. अरबी समुद्रावरची वाफ कोकणात आणि सह्याद्रीवर बरसते, त्यामुळे पुढे लातूरकडे सरकणारी वाफ हलकी होत जाते. नांदेडला बंगालच्या उपसागरावरच्या कमी दाबाच्या पट्ट्यांचाही पाऊस मिळतो. त्याची वाट वेगळी. बाटलीत हवा राहिली तर तिथेही वाफ होते आणि ही खूण बिघडते.

प्रयोगशाळेत नमुन्यावर कार्बन डायऑक्साइड काही तास ठेवतात. वायू आणि पाणी ऑक्सिजनची देवाणघेवाण करतात. मग तो वायू मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये जातो. चुंबकीय क्षेत्रात जड आणि हलके रेणू वेगवेगळे वळतात. सोबत हायड्रोजनही मोजतात. जगभरच्या पावसाचे हे दोन आकडे साधारण एकाच रेषेवर येतात, हे हार्मन क्रेग यांनी 1961 मध्ये दाखवलं. बोअरचं पाणी रेषेवर आलं, तर पाऊस मुरमातून, काळ्या पाषाणाच्या भेगांतून थेट मुरला. रेषेखाली आलं, तर ते आधी तलावात किंवा शेतात उन्हाखाली थांबलं होतं.

तेच पाणी ऊस मुळांनी ओढतो. पानातून वाफ जाताना पानातलं पाणी जड होतं आणि प्रकाशसंश्लेषणात त्यातला ऑक्सिजन हवेत येतो. श्वसनात सजीव हलका ऑक्सिजन थोडा जास्त वापरतात. अशा कारणांनी हवेतला ऑक्सिजन समुद्राच्या पाण्यातल्या ऑक्सिजनपेक्षा हजारात सुमारे 23.5 ने जड आहे. माल्कम डोल यांनी हा फरक 1935 मध्ये नोंदवला. किनवटच्या जंगलात वाढतो त्या सागाच्या लाकडातही, वर्षवलयांत, पाण्यातला हा ऑक्सिजन साठतो. त्यावरून जुन्या पावसाळ्यांचा अंदाज बांधता येतो.

मराठवाड्याला या मोजणीची निकड आहे. एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. 50 वाघिणींची गाडी एका खेपेला सुमारे 25 लाख लिटर आणायची. कोणत्या बोअरला तलाव पोसतो आणि कोणत्या बोअरला माळावरचा पाऊस, हे कळलं तर पाणी कुठे जिरवायचं हे ठरवता येईल. त्यासाठी ताडून पाहायला आपल्याच पावसाचे नमुने हवेत. यंत्रं महाग आहेत, बाटली नाही. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयं लातूर आणि नांदेड या दोन्ही जिल्ह्यांत आहेत. त्यांच्या विज्ञान विभागांनी येत्या मृगापासून प्रत्येक पावसाची एक बाटली भरून, नीट नोंद करून जपावी.