गाव गेले, ग्रंथ राहिले
आयर्लंडच्या ब्लास्केट बेटाची कहाणी

ज्या गावात दुकान नव्हते, दवाखाना नव्हता, देऊळ म्हणावे तर चर्चसुद्धा नव्हते, आणि भरभराटीच्या काळातही ज्याची वस्ती पावणेदोनशेच्या आसपासच राहिली, त्या गावाने आठ वर्षांत आपल्या भाषेला तीन थोर आत्मचरित्रे दिली. आणि ज्या सरकारने त्या भाषेला राष्ट्रभाषेच्या आसनावर बसवले, त्याच सरकारला १९५३ साली ते गाव उठवावे लागले. आयर्लंडच्या पश्चिम टोकाला असलेल्या ग्रेट ब्लास्केट या बेटाची ही गोष्ट. भाषेच्या प्रश्नावर आम्ही सीमाभागातील माणसे बोलतो पुष्कळ, पण दुसऱ्यांच्या भाषेचे काय झाले हे क्वचितच पाहतो. म्हणून आज हा विषय घेतला आहे.

बेट आणि गाव

आयर्लंडच्या केरी परगण्यात डिंगल नावाचा भूभाग जिभेसारखा अटलांटिक महासागरात शिरला आहे. त्याच्या टोकापासून जवळात जवळ अंतर मोजले तर हे बेट दोनच किलोमीटरवर आहे. लांबी सुमारे सहा किलोमीटर, सर्वांत उंच माथा २९२ मीटर. झाड म्हणून नाही. बेट म्हणजे समुद्रातून वर आलेला एक डोंगरच. त्याच्या ईशान्येच्या उतारावर, मुख्य भूमीकडे तोंड करून, गाव वसले होते. समोर डनक्विन हे किनाऱ्यावरचे गाव दिसे, पण दिसणे वेगळे आणि पोहोचणे वेगळे. मधल्या सामुद्रधुनीत पाण्याला ओढ अशी की हिवाळ्यात आठवडेच्या आठवडे होडी पाण्यात घालता येत नसे.

घरे बुटकी, दगडी, वाऱ्याला चुकवण्यासाठी पाठीमागून डोंगरात खोदून बसवलेली. जुन्या घरांवर लव्हाळ्याचे शाकार असे, आणि कोंबड्या त्या शाकारात शिरून अंडी घालीत. रात्री गाय, कोंबड्या आणि माणसे एकाच छपराखाली. पुढे शाकार जाऊन डांबरी कापड आले. गरीब किनारी भागासाठी नेमलेल्या सरकारी मंडळाने १९०७ मध्ये हे बेट जमीनदाराकडून विकत घेतले, विखुरलेली शेते एकत्र करून वाटून दिली आणि गावाच्या वरच्या अंगाला पाच नवी घरे बांधली. पिढ्यान्पिढ्या खंडासाठी जमीनदाराच्या माणसांना तोंड देणाऱ्या लोकांना हा मोठाच आधार होता.

रोजचे जगणे

पोटाला बटाटे, मासे आणि दूध. जोडीला सशांची शिकार, समुद्रपक्ष्यांची अंडी आणि डोंगरावर चरणारी मेंढरे. जळणासाठी डोंगरमाथ्यावरचा पीट, म्हणजे दलदलीत साठलेला कुजलेल्या वनस्पतींचा थर. तो विटांसारखा कापायचा, आपल्याकडे गोवऱ्या वाळवतात तसा वाळवायचा आणि गाढवाच्या दोन्ही अंगांना टोपल्या बांधून घरी आणायचा. दिव्याला पूर्वी सीलच्या चरबीचे किंवा माशाचे तेल. पाणी विहिरीचे, आणि विहीर म्हटली की बायकांच्या गप्पा आल्याच. त्या बाबतीत केरी आणि खानापूर यांत फरक नाही.

होडीला नेव्होग म्हणत. हलक्या लाकडी पट्ट्यांचा सांगाडा, त्यावर डांबर दिलेले कापड. रिकामी असली तर तीन-चार पुरुष ती डोक्यावर पालथी घेऊन चालत. लांबून पाहणाऱ्याला सहा-आठ पायांचा काळा किडा चालल्यासारखे वाटे. अशा होडीतून बांगड्याच्या जातीचे मासे आणि शेवंड धरायचे. बांगडा खारवून अमेरिकेला जाई. शेवंड घ्यायला फ्रेंच मासेमारी जहाजे येत.

समुद्र घेई तसा देईही. बुडालेल्या जहाजांचे लाकूड, पिंपे, पेट्या वाहत येत. एकदा चहाच्या पेट्या किनाऱ्याला लागल्या. चहा काय चीज आहे हे तेव्हा बेटावर ठाऊक नव्हते. कोणी तो लोकरीचे परकर रंगवायला वापरला, कोणी डुकरांना घातला.

मेल्यावरही माणसाला समुद्र ओलांडावा लागे. प्रेत होडीतून डनक्विनला न्यायचे आणि तिथल्या दफनभूमीत पुरायचे. गावाचा एक 'राजा' होता. त्याला ना मुकुट ना महाल. तो होडीतून टपाल ने-आण करी, पाहुण्यांना ठेवून घेई आणि तंट्यात चार शब्द बोले. संध्याकाळी माणसे ज्या घरात जमत, त्या घराला लोक थट्टेने 'संसद' म्हणत. तिथे राजकारणापासून भुताखेतांपर्यंत सर्व विषय निघत. कथा, गाणी, वंशावळी, जुन्या वीरांची चरित्रे हे सगळे तोंडपाठ आणि हे सगळे आयरिश भाषेत.

इंग्रजी शाळेत शिकलेला आयरिश लेखक

इथून पुढचा भाग शिक्षकांनी विशेष लक्ष देऊन वाचावा. बेटावर १८६४ मध्ये शाळा निघाली. त्या काळच्या सर्व सरकारी शाळांप्रमाणे तिथेही शिक्षण इंग्रजीतून. घरात, विहिरीवर, होडीत आयरिश आणि फळ्यावर इंग्रजी. मुले इंग्रजी वाचायला शिकली. ज्या भाषेत ती स्वप्ने पाहत, ती मात्र त्यांना लिहिता येईना.

टॉमस ओ'क्रोहन हा या शाळेचा विद्यार्थी. मच्छीमार, गवंडीकाम जाणणारा, दहा मुलांचा बाप. त्यांतली बरीच त्याच्या डोळ्यांदेखत गेली. एक कड्यावरून पडून, एक समुद्रात बुडून. आयरिश लिहिणे-वाचणे तो मोठेपणी, स्वतःच्या हौसेने शिकला.

१९०७ साली नॉर्वेचा भाषापंडित कार्ल मार्सट्रँडर बेटावर आला आणि बोली शिकण्यासाठी टॉमससमोर शिष्य होऊन बसला. १९१० मध्ये लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधला रॉबिन फ्लॉवर आला. तो पुढे अनेक वर्षे येत राहिला. गावकऱ्यांनी त्याला 'छोटे फूल' अशा अर्थाचे आयरिश नाव ठेवले, आणि १९४६ मध्ये तो वारल्यावर त्याची रक्षा याच बेटावर विखुरली गेली. १९२३ मध्ये केंब्रिजचा ग्रीकचा अभ्यासक जॉर्ज थॉमसन आला. या मच्छीमारांच्या बोलण्यात त्याला होमरच्या जगाचा पडसाद ऐकू आला.

पण खरे काम केले ते किलार्नीहून आलेल्या ब्रायन ओ'केली या माणसाने. १९१७ साली तो आला. टॉमसला वाटे, आपल्यासारख्या गरिबाच्या आयुष्यात लिहिण्याजोगे काय आहे? तेव्हा ओ'केलीने त्याला रशियाच्या गॉर्कीचे आणि फ्रान्सच्या पिएर लोतीचे लेखन वाचून दाखवले. लोतीच्या कादंबरीत तर मच्छीमारच होते. ही माणसे साहित्यात बसतात तर आपण का नाही, हे टॉमसला पटले आणि त्याने लेखणी उचलली. १९२९ मध्ये त्याचे 'बेटकरी' या अर्थाच्या नावाचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. १९३४ मध्ये फ्लॉवरने त्याचे इंग्रजी भाषांतर केले.

त्यानंतर १९३३ मध्ये मॉरिस ओ'सुलिव्हान या तरुणाने आपल्या पहिल्या वीस वर्षांची कहाणी लिहिली. त्याला थॉमसनचे प्रोत्साहन होते. इंग्रजी भाषांतर त्याच वर्षी आले, आणि त्याला प्रस्तावना ई. एम. फॉर्स्टर यांची. १९३६ मध्ये पेग सेयर्स या बाईचे आत्मचरित्र आले. पेगला आयरिश लिहिता येत नव्हते. तिने सांगितले आणि तिच्या मुलाने उतरवून घेतले. तिच्या तोंडून शेकडो लोककथा लोकसाहित्याच्या संग्राहकांनी पुढे टिपून घेतल्या. पेगचे पुस्तक नंतर अनेक वर्षे आयर्लंडच्या शाळांत सक्तीचे होते, आणि सक्तीमुळेच कित्येक मुलांच्या मनातून ते उतरले. हाही धडा आम्ही शिक्षकांनी ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

मान मिळाला, डॉक्टर मिळाला नाही

१९२२ मध्ये आयर्लंड स्वतंत्र राज्य झाले. आयरिश राष्ट्रभाषा झाली. १९३७ च्या घटनेने तिला पहिल्या अधिकृत भाषेचे स्थान दिले. १९३४ पासून आयरिश बोलणाऱ्या भागात, ज्या घरातली मुले ती भाषा बोलत त्या घराला दर मुलामागे दोन पौंड अनुदान मिळू लागले. राजधानीतले विद्वान ब्लास्केटला भाषेचे तीर्थक्षेत्र मानू लागले.

पण याच वर्षांत बेट रिकामे होत होते. १९१६ मध्ये १७६ असलेली वस्ती सारखी घटत गेली. खारवलेल्या माशांचा अमेरिकेतला बाजार बसला. तरुण पोरे-पोरी बोटीत बसून अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या स्प्रिंगफील्ड शहरात गेली आणि तिथेच राहिली. बेटावर सून म्हणून यायला मुली तयार होईनात. लग्ने थांबली, तशी शाळेतली मुले संपली. १९४१ मध्ये शाळा बंद झाली. नेव्होग वल्हवायला तीन-चार धडधाकट माणसे लागतात. तेवढी मिळेनाशी झाली, तेव्हा किनाऱ्याशी असलेला संबंधही तुटू लागला.

१९४७ च्या जानेवारीत ऐन विशीतला एक तरुण मेंदूज्वराने आजारी पडला. समुद्र खवळलेला, किनाऱ्याशी बोलण्याचे यंत्र बंद पडलेले. ना डॉक्टर येऊ शकला, ना धर्मगुरू. तो गेला, आणि शवपेटीसाठीसुद्धा समुद्र शांत होण्याची वाट पाहावी लागली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये वादळाने कोंडलेल्या बेटकऱ्यांनी पंतप्रधान डी व्हॅलेरा यांना तार केली, की खायला काही उरलेले नाही, अन्न पाठवा. उन्हाळ्यात डी व्हॅलेरा स्वतः बेटावर येऊन गेले. बेटकऱ्यांचे मागणे साधे होते : आम्हाला किनाऱ्यावर घरे द्या.

ती घरे मिळायला आणखी सहा वर्षे लागली. १७ नोव्हेंबर १९५३ रोजी स्थलांतर सुरू झाले. तेव्हा गावात अवघी बावीस माणसे उरली होती, आणि त्यांत मूल एकच. बहुतेकांना समोरच्या डनक्विनमध्ये घरे दिली गेली. तिथून त्यांना आपले गाव रोज दिसे.

यात कोणा एकाला दोषी धरून चालणार नाही. सरकारने भाषेचा द्वेष केला नव्हता, उलट गौरवच केला होता. पण गौरव भाषेचा झाला. ती बोलणाऱ्यांच्या धक्क्याकडे, होडीकडे, दवाखान्याकडे, माशांच्या भावाकडे हवे तेवढे आणि हव्या त्या वेळी कोणी पाहिले नाही.

डनक्विनची शाळा

कहाणी इथेच संपली असती तर ती केवळ शोककथा झाली असती. १९७० मध्ये सरकारने लहान शाळा मोठ्या शाळांत विलीन करण्याच्या धोरणाखाली डनक्विनची शाळा बंद केली. मुलांनी शेजारच्या मोठ्या गावी जावे, असा हुकूम. पालकांनी तो मानला नाही. त्यांनी स्वतःच शाळा चालू ठेवली, दाद मागत राहिले, आंदोलन राजधानीपर्यंत नेले. १९७३ मध्ये सरकार बदलले आणि शाळा पुन्हा रीतसर उघडली. बेटाची शाळा मुलांअभावी गेली होती. किनाऱ्यावरची शाळा पालकांच्या निर्धाराने राहिली. १९७२ मध्ये आयरिश भाषिक भागासाठी स्वतंत्र आकाशवाणी केंद्र सुरू झाले, तेही तरुणांच्या चळवळीनंतर. डनक्विनला आज ब्लास्केटच्या लेखकांचे मोठे स्मृतिकेंद्र आहे, आणि उन्हाळ्यात प्रवासी होडीतून जाऊन बेटावरची पडकी घरे पाहून येतात.

आपल्यासाठी काय?

ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आम्हालाही आनंद झाला, का होऊ नये? पण ब्लास्केटची कहाणी वाचल्यावर असे वाटते, की दर्जाचा कागद एका हातात घेताना दुसऱ्या हातात आपल्या गावच्या पहिलीच्या वर्गाचा हजेरीपट असावा. पट घटला म्हणून शाळा बंद होण्याची वेळ आली, तर डनक्विनचे पालक आठवावेत. गावाला एस.टी. येते का, दवाखान्यात डॉक्टर असतो का, शिकलेल्या मुलाला जवळपास काम मिळते का, हे प्रश्न रस्त्याचे किंवा पोटाचे म्हणून बाजूला सारू नयेत. ते भाषेचेच प्रश्न आहेत. तरुण गाव सोडून गेला की त्याच्यामागून त्याची बोलीही जाते. आमच्या समितीच्या ठरावांतही या मागण्यांना भाषेच्या मागणीइतकीच जागा हवी, असे आम्ही बैठकीत सांगत आलो आहोत.

दुसरी गोष्ट आपल्या हातातली आहे आणि तिला कोणाची परवानगी लागत नाही. आपल्या घरातल्या आजीला जात्यावरच्या ओव्या येतात, आजोबांना शेतांची, ओढ्यांची, बैलांच्या रंगांची जुनी नावे ठाऊक आहेत. आपली सीमाभागातली मराठी पुण्याच्या पुस्तकातली नाही. तिच्यात शेजारच्या कानडीचे आणि कोकणीचे शब्द मिसळले आहेत, आणि ती आपली आहे. पेगला लिहिता येत नव्हते, तिच्या मुलाने लिहिले. आमच्या सातवी-आठवीच्या मुलांना तर चांगले लिहिता येते. दोनशे पानी वही घ्यावी, दर रविवारी एक पान लिहावे. आमच्या आयुष्यात लिहिण्यासारखे काय आहे, असे आजी म्हणेलच. टॉमस ओ'क्रोहनही आधी तसेच म्हणाला होता, हे तिला सांगावे.