आसियान करार आणि सोयाबीनचा भाव: आयात शुल्काचे गणित

सोयाबीनचा भाव का उतरला, याचे उत्तर दरवेळी आपल्या बाजार समितीत सापडत नाही. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक तेल आयात होते. त्यात पामतेलाचा वाटा मोठा असून, ते मुख्यतः इंडोनेशिया व मलेशियातून येते. हे दोन्ही देश 'आसियान' गटाचे सदस्य आहेत. स्वस्त पामतेल आले, की सोयातेलाचा दर दबतो आणि गिरण्या सोयाबीनला कमी भाव देतात.

करार कसा घडत गेला?

- १९६७: आग्नेय आशियातील पाच देशांनी आसियानची स्थापना केली.
- १९९२: सदस्यांनी आपसांतील शुल्क घटवण्यासाठी मुक्त व्यापार क्षेत्राचा निर्णय घेतला.
- २००३: भारताशी आर्थिक सहकार्याचा आराखडा करार झाला.
- २०१०: वस्तू व्यापार करार १ जानेवारीपासून लागू झाला.
- २०१९: आसियानच्या पुढाकाराने होणाऱ्या 'आरसेप' या मोठ्या करारातून भारत बाहेर पडला. शेती व दुग्धव्यवसायावरील परिणामांची चिंता हे त्यामागील एक कारण होते.
- २०२३: वस्तू व्यापार कराराचा फेरआढावा घेण्याचे दोन्ही बाजूंनी ठरवले.

पामतेलाला काय सवलत मिळाली?

भारताने पामतेल 'विशेष उत्पादन' म्हणून वेगळे ठेवले. त्यामुळे शुल्क शून्यावर न येता टप्प्याटप्प्याने उतरले. कच्च्या पामतेलाचे शुल्क ८० वरून ३७.५ टक्के आणि शुद्ध तेलाचे ९० वरून ४५ टक्के, असा हा प्रवास २०१९ अखेर पूर्ण झाला.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्या. करार फक्त शुल्काची कमाल मर्यादा ठरवतो. त्या मर्यादेच्या आत प्रत्यक्ष शुल्क किती ठेवायचे, हे केंद्र सरकार ठरवते. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या पाम, सोया व सूर्यफूल तेलांवरील मूळ शुल्क शून्यावरून २० टक्के झाले. उपकर धरून ते २७.५ टक्के होते. मे २०२५ अखेर मूळ शुल्क १० टक्क्यांवर, म्हणजे उपकरांसह १६.५ टक्क्यांवर आले. हे दोन्ही दर कराराच्या मर्यादेखालीच आहेत. म्हणजे भाव पडल्यावर सगळा दोष कराराला देता येत नाही.

विक्रीपूर्वी काय पाहावे?

- तेलाचे आयात शुल्क बदलल्याची बातमी. काढणीच्या तोंडावर शुल्क घटले, तर भावावर दबाव येऊ शकतो.
- सोयापेंडीची मागणी. सोयाबीनमध्ये तेल साधारण १८ टक्केच असते, उरलेल्यात मोठा भाग पेंडीचा. त्यामुळे शुल्क वाढले, तरी पेंड स्वस्त असल्यास भाव चढेलच असे नाही.
- आपल्या मालातील ओलावा व काडीकचरा. शुल्क आपल्या हाती नाही, पण माल वाळवून, चाळून आणणे हाती आहे.

शक्य असल्यास सगळा माल एकदम न विकता टप्प्याटप्प्याने विकावा. शेतकरी उत्पादक कंपनीमार्फत गोदामात ठेवून तारण कर्जाचा पर्यायही तपासावा.