संस्थेसाठी ऑनलाइन ‘कल्पना मंच’ सुरू करायचाय? आधी या पाच गोष्टी ठरवा

सामाजिक संस्थेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी चांगली कल्पना टाकतं. खाली चार अंगठे येतात आणि संध्याकाळपर्यंत ती ‘सुप्रभात’ आणि वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली गाडली जाते. ही अडचण सोडवण्यासाठी असतो ऑनलाइन कल्पना मंच.

तो नेमका कसा चालतो?

सदस्य कल्पना मांडतात, बाकीचे पाठिंबा किंवा विरोध नोंदवतात. जास्त पाठिंबा मिळालेली कल्पना यादीत वर येते. निर्णय मात्र संस्थेलाच घ्यावा लागतो.

आइसलँडमध्ये काय झालं?

२००८ मध्ये आइसलँडच्या बँका कोसळल्या आणि लोकांचा राजकारण्यांवरचा विश्वास उडाला. त्याच वर्षी ‘सिटिझन्स फाउंडेशन’ ही ना-नफा संस्था उभी राहिली. २०१० च्या महापालिका निवडणुकीच्या तोंडावर तिने राजधानीसाठी ‘बेत्री रेक्याविक’, म्हणजे ‘अधिक चांगलं रेक्याविक’, हा मंच सुरू केला.

यात बाजूचे मुद्दे एका रकान्यात आणि विरोधातले दुसऱ्या रकान्यात असतात. दुसऱ्याच्या मुद्द्याला थेट उत्तर देता येत नाही. तो पटला नाही, तर समोरच्या रकान्यात आपला मुद्दा लिहायचा. त्यामुळे वैयक्तिक भांडणाला फारशी जागाच उरत नाही. पुढे दर महिन्याला लोकप्रिय कल्पनांवर विचार करायचं महापालिकेनंही मान्य केलं.

या संस्थेचं ‘युअर प्रायॉरिटीज’ आणि बार्सिलोनात २०१६ मध्ये सुरू झालेलं ‘देसिदीम’ ही दोन्ही सॉफ्टवेअर मुक्तस्रोत आहेत.

सुरुवात कशी कराल?

१. प्रश्न नेमका विचारा. ‘संस्था कशी सुधारावी?’ याला भाषणं मिळतात. ‘परीक्षेच्या काळात अभ्यासिका किती वाजेपर्यंत उघडी ठेवावी आणि तिथे कोण थांबेल?’ याला उत्तरं मिळतात.

२. उत्तर देणारी व्यक्ती ठरवा. हे काम ‘सगळ्यांचं’ ठेवलं, तर कुणीच करत नाही.

३. मुदत जाहीर करा. उदाहरणार्थ, तीन आठवडे कल्पना, एक आठवडा चर्चा आणि मग निर्णय.

४. पाटी कोरी ठेवू नका. रिकाम्या पानावर पहिलं लिहायला सगळेच बिचकतात. आधी आठ-दहा कार्यकर्त्यांकडून खऱ्या कल्पना लिहून घ्या.

५. फोन नसलेल्यांना विसरू नका. बैठकीत किंवा वस्तीत सांगितलेली कल्पना कार्यकर्त्याने त्या व्यक्तीला विचारून मंचावर टाकावी. नाहीतर ज्यांच्यासाठी संस्था काम करते, त्यांचाच आवाज गायब होईल.

सर्वात मोठा धोका कोणता?

लोकांनी वेळ काढून लिहायचं आणि संस्थेनं गप्प बसायचं, हा. असं एकदा झालं की पुढच्या वेळी कुणी फिरकत नाही. म्हणून प्रत्येक कल्पनेखाली ‘विचार सुरू’, ‘मंजूर’ किंवा ‘नामंजूर’ असा शेरा हवाच. नामंजूर असेल तर कारणही लिहा. ‘यंदा एवढा निधी नाही’ हे प्रामाणिक उत्तर लोक समजून घेतात. उत्तरच न मिळणं मात्र त्यांच्या लक्षात राहतं.