उदरस्थूलता, कृश पुरुषांतील

उदरस्थूलता, कृश पुरुषांतील : हात, पाय, मान व चेहरा सडपातळ असून केवळ पोट पुढे आलेले असणे, अशी पुरुषांमधील शरीरस्थिती. व्यवहारात तिला ‘पोट सुटणे’ किंवा ‘ढेरी येणे’ म्हणतात. वजन प्राकृत मर्यादेत असल्यामुळे ती दीर्घकाळ दुर्लक्षित राहते. परंतु मधुमेह, अतिरक्तदाब व हृद्‌विकार यांची ती पूर्वसूचना असू शकते.

पोटावरील मेद दोन ठिकाणी साठतो. त्वचेखालील मेद चिमटीत धरता येतो. दुसरा आतड्यांभोवती व वपेत साठतो. तो चिमटीत येत नाही आणि पोटाला घट्ट, गोलसर फुगवटा देतो. आतल्या मेदातून सुटणारी मेदाम्ले बऱ्याच अंशी थेट यकृताकडे जातात. त्यामुळे यकृतात मेद साठणे व इन्शुलिनाचा प्रभाव मंदावणे या गोष्टी घडून येतात, असे मानले जाते. [⟶ मधुमेह, लठ्ठपणा].

भारतीयांमधील या ठेवणीचा पद्धतशीर अभ्यास पुणे येथील के. ई. एम. रुग्णालयात चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ मध्ये सुरू झालेल्या पाहणीत तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सु. २·७ किग्रॅ. आढळले, इंग्लंडमधील साउथॅम्प्टन येथे ते सु. ३·५ किग्रॅ. होते. पुण्याच्या बालकांत स्नायू व उदरातील इंद्रिये लहान होती, पण त्वचेखालील मेद त्या मानाने टिकून होता. २००४ मध्ये याज्ञिक व ब्रिटिश वैद्य जॉन युडकिन यांनी लॅन्सेट या नियतकालिकात स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली. दोघांचा देहवस्तुमान निर्देशांक (किग्रॅ.मधील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा अंक) २२·३ असा एकच होता, मात्र शरीरातील मेदाचे प्रमाण युडकिन यांच्यात ९·१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१·२ टक्के होते. केवळ वजनकाट्यावर विसंबणे किती फसवे ठरते, हे यावरून स्पष्ट होते.

कारणे : या जन्मजात ठेवणीवर बैठे जीवन, मैदा-साखरेचा आहार, मद्यपान, धूम्रपान, अपुरी झोप व वाढते वय यांची भर पडते. सातारा व सांगली जिल्ह्यांत शेतीतील अंगमेहनतीची पुष्कळ कामे आता यंत्रे करतात. खानापूर, आटपाडी इ. तालुक्यांतील अनेक कुटुंबे सोने-चांदी गाळण्याच्या (गलाई) व्यवसायासाठी भारतभर स्थायिक झाली असून हा व्यवसाय बव्हंशी बैठा आहे. तालमीत जाणे सुटल्यावरही दूध-तुपाचा खुराक चालू ठेवणाऱ्या मल्लांचे पोट सुटते, ते याच कारणाने. मेदाशिवाय कमरेचा अतिरिक्त बाक, पोटाच्या स्नायूंचा ढिलेपणा, अंतर्गळ व वातसंचय यांमुळेही पोट पुढे दिसते.

निदान : सर्वांत खालची बरगडी व कमरेच्या हाडाची वरची कड यांच्या मध्यावर, श्वास सहज सोडून, फीत न आवळता घेर मोजतात. भारतीय पुरुषांत तो ९० सेंमी. वा अधिक असल्यास धोका वाढलेला समजतात. घेर उंचीच्या निम्म्याहून कमी असावा, हा दुसरा सोपा संकेत होय, १६५ सेंमी. उंचीच्या पुरुषात ही मर्यादा ८२·५ सेंमी. येते. घेर जास्त असल्यास रक्तदाब, रक्तातील साखर व मेद आणि यकृत यांची तपासणी आवश्यक असते.

पोट थोड्या आठवड्यांत वाढले, हातपाय मात्र झिजत गेले, पायांवर सूज, कावीळ किंवा ताप असला, तर तो मेद नसून जलोदर, प्लीहावृद्धी किंवा अर्बुद असू शकतो. चरकसंहितेतही आठ प्रकारच्या उदररोगांचे वर्णन स्थौल्यापासून वेगळे केले आहे. अशा रुग्णास व्यायाम न सांगता त्वरित वैद्यकीय तपासणी करणे इष्ट.

उपचार : यात दोन परस्परविरुद्ध चुका वारंवार होतात. ‘अंगावर मांस नाही’ म्हणून खुराक वाढविल्यास पोट आणखी वाढते. उलट कडक उपवासाने स्नायू झिजतात व हातपाय अधिकच बारीक होतात. म्हणून वजन घटविणे हे मुख्य उद्दिष्ट नसून स्नायू वाढविणे व आतला मेद कमी करणे हे आहे.

(१) व्यायाम : आठवड्यातून किमान १५० मिनिटे भरभर चालणे, सायकल चालविणे किंवा पोहणे आणि किमान दोन दिवस स्नायूंना भार देणारा व्यायाम आवश्यक असतो. वजन फारसे न घटताही अशा व्यायामाने आतला मेद कमी होतो. तालमीतील दंड, बैठका व मुद्‌गल हे भार देणारे व्यायामच होत. औंध संस्थानचे (त्याचे बहुतेक प्रदेश आज सातारा व सांगली जिल्ह्यांत मोडतात) अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा हिरिरीने प्रसार केला व तो संस्थानच्या शाळांत सक्तीचा केला. त्यांच्या पद्धतीवरील इंग्रजी पुस्तक १९३८ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाले. सूर्यनमस्काराने पोट, पाठ व खांदे बळकट होतात. मात्र केवळ पोटाचे व्यायाम करून तेवढ्याच जागेचा मेद जात नाही. त्यांनी स्नायू घट्ट होतात व उभे राहण्याची ढब सुधारते.

(२) आहार : ज्वारी-बाजरीची भाकरी, मटकी-हरभऱ्याची उसळ, पालेभाज्या, ताक, अंडी वा मासे यांवर भर द्यावा. निरोगी प्रौढास दर किग्रॅ. वजनामागे रोज सु. ०·८३ ग्रॅ. प्रथिन लागते. गोड चहाच्या फेऱ्या, फरसाण, भडंग, कंदी पेढे यांचे प्रमाण मर्यादित ठेवावे व मद्य वर्ज्य करावे.

(३) औषधे : केवळ पोट कमी करण्यासाठी सडपातळ पुरुषास देण्याजोगे मान्यताप्राप्त औषध नाही. सेमाग्लुटाइड व टिर्झेपाटाइड ही अंतःक्षेपणाने द्यावयाची औषधे भारतात २०२५ पासून वजननियंत्रणासाठीही मिळू लागली. पण ती स्थूल व्यक्तींसाठी असून त्यांच्यामुळे मेदाबरोबर स्नायूही घटतात. मधुमेह असल्यास त्याची औषधे वैद्याच्या सल्ल्याने घ्यावी लागतात.

(४) शस्त्रक्रिया : मेदशोषणाने फक्त त्वचेखालील मेद निघतो. २००४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्थूल स्त्रियांच्या पोटावरील सु. १० किग्रॅ. मेद काढूनही इन्शुलिनाच्या कार्यात सुधारणा दिसली नाही. जठर आकुंचित करण्याच्या शस्त्रक्रिया अतिस्थूलांसाठी असतात. अंतर्गळ असल्यास मात्र शस्त्रक्रिया हाच उपाय आहे. घाम आणणारे पट्टे, कंप देणारी यंत्रे व मालिश यांनी मेद नाहीसा होत नाही. पट्ट्याने घटणारे वजन पाण्याचे असते.

सुधारणा सावकाश होते. महिन्यातून एकदा, एकाच जागी मोजलेला घेर हे तिचे विश्वसनीय गमक होय. काट्यावरील आकडा स्थिर राहून घेर घटत असेल, तर उपचार योग्य दिशेने चालला आहे, असे समजावे.