नौका ओढणारी मोटार आणि तिचे ब्रेक

अमेरिकेतील नौकाविहाराचे अनेक शौकीन आपली मोटरबोट धक्क्यावर बांधून न ठेवता घराच्या आवारात ट्रेलरवर ठेवतात आणि सुटीच्या दिवशी मोटारीमागे जोडून सरोवरावर वा समुद्रावर नेतात. अशी मोटार घेताना गिऱ्हाईक प्रथम विचारते ते ‘किती ओढील?’ असे, परंतु चढावर गाडी दमली तर मागच्यांचा खोळंबा होण्यापलीकडे फारसे काही बिघडत नाही, उतारावर ती थांबली नाही तर मात्र जिवावर बेतते, म्हणून खरी पृच्छा थांबण्याविषयी व्हावयास हवी.

माहितीपत्रकातील वजन बहुधा रिकाम्या नौकेचे असते. ५० गॅलन पेट्रोलच तीनशे पौंडांच्या घरात जाते. त्यात बॅटऱ्या, नांगर, बर्फाची पेटी आणि खुद्द ट्रेलर यांची भर पडते. हा सारा लवाजमा एकदा वजनकाट्यावर चढवावा, हे उत्तम. अनेक राज्यांत ३,००० पौंडांवरील ट्रेलरला स्वतंत्र ब्रेक सक्तीचे आहेत. मोटार कितीही दणकट असली तरी त्यातून सूट नाही.

ब्रेकांची निवड मात्र पाण्याच्या हाती आहे, कारण हा ट्रेलर नौका उतरवताना चाकांसकट बुडतो. साध्या विजेच्या ब्रेकांचे चुंबक ड्रमच्या आत असतात आणि खाऱ्या पाण्याने ते लवकरच निकामी होतात. म्हणून नौकेसाठी बहुधा सर्ज ब्रेक लावतात: मोटार मंदावली की मागचे ओझे पुढे रेटते, जोडणीतील दांडा आत सरकतो आणि द्रवाचा दाब चाकांपर्यंत पोहोचतो, चालकाला वेगळे काही करावे लागत नाही. अडचण एवढीच की, चढावर मागे घेतानाही तोच रेटा बसून ट्रेलर अडून बसतो. यासाठी रिव्हर्सच्या दिव्याला जोडलेली, दाब अडवणारी विजेची झडप बसवून घ्यावी. ओझे मोठे आणि वाट घाटाची असेल, तर विजेवर चालणारा द्रवपंप पाण्याबाहेर ट्रेलरच्या दांड्यावर बसवून डिस्क ब्रेक चालवणारी व्यवस्था श्रेष्ठ होय. ती महाग असली, तरी ट्रेलर डोलू लागताच फक्त त्याचेच ब्रेक हाताने दाबण्याची मुभा तिच्यात मिळते.

मोटारीच्या ओढशक्तीचे आकडे पूर्वी प्रत्येक कंपनी आपापल्या मापाने देई. आता एसएई जे२८०७ या मानकात ॲरिझोनातील डेव्हिस डॅमच्या चढाची कसोटी आहे. तरीही ट्रेलरच्या तोंडाचे जे वजन हुकावर येते, नौकेच्या बाबतीत साधारणतः एकूण ओझ्याच्या पाच ते दहा टक्के, ते माणसे व सामान यांच्यासह मोटारीच्या भारक्षमतेत बसते की नाही, हे ज्याचे त्याने पाहावे. शेवाळलेल्या उतारावरून नौका वर काढताना मागची चाके घसरतात. तेथे चारही चाकांना जोर देणारी मोटार कामास येते.

माझा कौल असा: समुद्रात जाणाऱ्याने डिस्क ब्रेकच घ्यावेत, आणि प्रत्येक फेरीनंतर ते गोड्या पाण्याने धुवावेत.