हसणारा कुठे बसलाय?

ऑस्ट्रेलियात २००४ साली एसबीएस वाहिनीवर आठ भागांची एक मालिका लागली होती, ‘जॉन सॅफ्रन व्हर्सेस गॉड’. ज्यू घरातला हा विनोदवीर कॅमेरा घेऊन धर्मांच्या दारोदार हिंडतो. शनिवारी सकाळी झोपमोड करणाऱ्या मॉर्मन प्रचारकांची परतफेड म्हणून सॉल्ट लेक सिटीला जातो आणि तिथली दारं वाजवून नास्तिकपणाचा प्रचार करतो. जपानमध्ये झेन गुरूच्या काठीचे फटके खातो. शेवटच्या भागात तर एका अमेरिकी धर्मोपदेशकासमोर बसून स्वतःच्याच अंगातलं भूत उतरवून घेतो. मालिका मोठी वाटते ती इथे. इतका वेळ दुसऱ्यांना हसणारा माणूस आता स्वतः घुमणाऱ्याच्या जागी बसलेला असतो.

आपल्याकडे ही जागा फार जुनी आहे. आषाढी वारीत तुकोबांची पालखी दौंड तालुक्यात आधी यवतला आणि मग वरवंडला मुक्कामी असते. यवतला वारकऱ्यांसाठी पिठलं-भाकरीच्या पंगती उठतात. ज्या तुकोबांच्या मागे ही माणसं चालतात, त्यांनी विठ्ठलालाच भूत म्हटलंय; वाटेनं जाणाऱ्याला धरणारं, धरलं की न सोडणारं. संत एकनाथांनी तर नवसालाच हात घातला. त्यांच्या भारुडातली सून भवानीआईला रोडगा कबूल करते आणि सासरच्या एकेका माणसाचा काटा काढायला सांगते. भारूड करणारा बाप्या लुगडं नेसून, केस सोडून घुमतो. पुढे बसलेल्यांत खरोखर अंगात येणाऱ्या बायाही असतात. त्याही पदर तोंडाला लावून हसतात, आणि उद्या देवीची ओटीही भरतात. त्या हसण्यानं त्यांचा देव बाटत नाही, कारण हसवणारा त्यांच्याच सतरंजीवरून उठून उभा राहिलेला असतो.

शिरूरकडे हे आणखी घरचं आहे. कवठे येमाई या गावाच्या नावातच देवी, आणि गावाची ओळख तमाशाची. तमाशा कलावंत गंगाराम कवठेकरांचं हे गाव. फडांसाठी गण-गवळणी, वग लिहिणारे बी. के. मोमीन कवठेकरही इथलेच. तमाशाची सुरुवात गणपतीला वंदन करणाऱ्या गणानं होते, आणि थोड्याच वेळात गवळणीत मावशी साक्षात कृष्णाला बोल लावते. एकाच बोर्डावर, एकाच रात्री.

टीव्हीच्या काळात आपल्याच माणसांत उभं राहून हसवण्याचं हे काम अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांनी उचललं. १९९५ साली ब्रिटनच्या चॅनेल फोरनं ‘गुरू बस्टर्स’ हा माहितीपट दाखवला, तो बुद्धिवादी बी. प्रेमानंद आणि त्यांच्या सोबत्यांच्या चमत्कार उघडे पाडणाऱ्या प्रयोगांवर. त्याच वर्षी २१ सप्टेंबरला देशभर गणपती दूध प्यायला लागला. खरं तर दुधाच्या पृष्ठताणामुळे चमच्यातलं दूध दगडाकडे ओढलं जातं आणि पातळ थर होऊन खाली ओघळतं. रंगीत दूध वापरलं की तो ओघळ दिसतो. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते गावोगाव चमत्कार करून दाखवत. पोटॅशियम परमँगनेटवर ‘तूप’ म्हणून ग्लिसरीन सोडलं की थोड्या वेळानं होम आपोआप पेटतो. लोक हसतात, आणि त्या हसण्यात आपण फसलो होतो याची कबुली असते. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकरांचा खून झाला. जादूटोणाविरोधी कायदा आला तो त्यानंतर.

आज कुणी सॅफ्रनसारखी मालिका आपल्या भागात करायला घेतली, तर त्यानं दौंडजवळच्या केडगावला जरूर जावं. एकाच गावात नारायण महाराजांच्या बेटावरचं दत्तमंदिर आहे आणि पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशनही. मुक्तीत १९०५ साली प्रार्थनेचं एक भरतं आलं. मुली तासन्‌तास रडत, पापं कबूल करत. अंगात आग भरल्यासारखं वाटतं म्हणत. अनोळखी भाषांत बोलल्याच्या नोंदीही त्या काळातल्या आहेत. पेंटेकोस्टल पंथाचा इतिहास लिहिणारे अजून केडगावचं नाव घेतात.

इथे विनोदवीराला सहज हसू येईल, आणि इथेच त्यानं थांबावं असं मला मनापासून वाटतं. रमाबाईंनी यातल्या कितीतरी मुली दुष्काळातून उचलून आणल्या होत्या. कुणी अनाथ, कुणी बालविधवा. त्यांच्या सतरंजीवर बसायचं असेल, तर कॅमेरा सुरू करण्याआधी भुताचं नव्हे, भुकेचं विचारावं लागेल.